कोर्टातील लघुलेखक : हाताच्या हुनराची नोकरी



कोर्टाचे नाव निघाले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे दोनच माणसे येतात. एक काळ्या कोटातले वकीलसाहेब आणि दुसरे उंच खुर्चीवरचे न्यायाधीश. त्या खुर्चीखाली, बाजूच्या टेबलाशी, वही-पेन्सिल नाहीतर संगणक घेऊन आणखी एक माणूस बसलेला असतो. पक्षकार त्याच्याकडे पाहतही नाहीत. पण वकिलांचे बोलणे हवेत विरते, साक्षीदार गावी निघून जातो, न्यायाधीशांची बदली होते. मागे राहतो तो कागद, आणि तो कागद त्या माणसाच्या हातातून उतरलेला असतो. त्याचे काम काय, त्याला पात्रता कोणती लागते आणि आपली मुलेमुली त्या टेबलापर्यंत कशी पोहोचतील, याची माहिती या लेखात देत आहोत.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशासाठी?

आम्ही कापडाचे व्यापारी. नोकरीच्या जाहिराती समजावून सांगणे हा आमचा धंदा नव्हे. परंतु चितेगावात आणि पैठण रस्त्यावरच्या गावांत गेली काही वर्षे एकच प्रश्न कानावर येतो : मुलांना लावायचे कोठे? एके काळी या प्रश्नाचे उत्तर तयार होते. व्हिडिओकॉन कंपनीचा कारखाना आणि नोंदणीकृत कार्यालय याच रस्त्यावर, चौदाव्या किलोमीटरच्या दगडाजवळ, चितेगावच्या हद्दीत होते. आसपासच्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटत असे. २०१८ साली त्या कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे गेले. बिडकीनला नवे औद्योगिक क्षेत्र उभे राहत आहे आणि तेथेही कामे निघतील. पण जो हुनर मालकाच्या यंत्राला बांधलेला असतो तो यंत्राबरोबरच संपतो, हे हिमरू विणणाऱ्या घरांना कोणी शिकवण्याची गरज नाही. म्हणून हातात राहणारे एखादे कसब मुलांना द्यावे, असे आम्हाला वाटते. लघुलेखन, म्हणजे शॉर्टहँड, हे तसे कसब आहे. त्याला दुकान लागत नाही, माल भरावा लागत नाही. भांडवल म्हणून कान, हात आणि दोन भाषा पुरतात.

आणि कोर्ट तरी आपल्यापासून किती दूर आहे? चितेगावकरांना तालुक्याचे कोर्ट पैठणला, जिल्ह्याचे कोर्ट औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात. त्याच शहरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. ते २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले आणि १९८४ मध्ये कायम झाले. त्याआधी मराठवाड्याच्या माणसाला हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरातही उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोर्ट वाढते तेव्हा न्यायाधीशांची खुर्ची वाढते, आणि प्रत्येक खुर्चीबरोबर एक लघुलेखकाचे टेबल लागतेच.

कोर्ट रिपोर्टर म्हणजे कोण?

हा शब्द ऐकला की आपल्याकडे वर्तमानपत्राचा वार्ताहर समजतात. अमेरिकेत मात्र कोर्ट रिपोर्टर म्हणजे कोर्टातला प्रत्येक शब्द जसाच्या तसा टिपणारा माणूस. त्याच्याजवळ स्टेनोटाइप नावाचे छोटे यंत्र असते. त्यावर अनेक कळा एकदम दाबून एका ठोक्यात अख्खा शब्द उमटवतात. तेथील व्यावसायिक संघटनेच्या मुख्य परीक्षेत साक्षीचा मजकूर मिनिटाला २२५ शब्द या वेगाने आणि ९५ टक्के अचूक टिपावा लागतो. आपण पेनाने भरभर लिहिले तरी मिनिटाला पंचवीस-तीस शब्दांच्या पुढे जात नाही, यावरून त्या वेगाची कल्पना यावी.

आपल्याकडे पद्धत निराळी आहे. येथे साक्ष शब्दशः सवाल-जवाबाच्या रूपात सहसा उतरवत नाहीत. न्यायाधीश प्रश्न आणि उत्तर ऐकतात, त्यांचे एक वाक्य करून सांगतात आणि ते लिहिले जाते. वकिलाने विचारले, "माल तुमच्या दुकानातून गेला ना?" साक्षीदार म्हणाला, "हो." कागदावर येते, "माल माझ्या दुकानातून गेला हे खरे आहे." एखादा प्रश्न फारच महत्त्वाचा असेल तर न्यायाधीश तो सवाल-जवाबातच लिहवून घेऊ शकतात. खालच्या कोर्टात साक्ष बहुधा सांगता सांगताच संगणकावर टाइप होते. लघुलेखकाची खरी कसोटी लागते ती आदेश आणि निकालपत्रांच्या वेळी. न्यायाधीश तोंडी सांगत जातात, लघुलेखक खुणांच्या लिपीत टिपतो, मग त्याचा स्वच्छ मजकूर तयार करतो, तारखा, नावे, कलमे ताडून पाहतो आणि सहीसाठी ठेवतो. निकाल जाहीर होईपर्यंत त्यातले अक्षरही बाहेर जाता कामा नये. म्हणून वेगाइतकीच या नोकरीत अमानत सांभाळण्याची जबाबदारी आहे.

एका अक्षराची किंमत

हे काम किती नाजूक आहे ते आपल्या धंद्यातल्या उदाहरणाने सांगतो. आपला माणूस साक्षीत म्हणतो, "मैंने बयाना दिया." बयाना म्हणजे इसाराची रक्कम. टाइप करणाऱ्याला हा शब्द माहीत नसेल तर तो "मी बयान दिले" असे ऐकेल आणि लिहील. बयान म्हणजे जबाब. पैसे दिल्याचा पुरावा गेला आणि कोणता तरी जबाब दिल्याची नोंद झाली. तसेच कापडाचे "थान" म्हटले आणि "ठाणे" ऐकू आले, तर मालाचा हिशेब पोलिसांच्या दारात जाऊन बसतो. अपिलात वरचे न्यायाधीश साक्षीदाराचा चेहरा पाहत नाहीत, कागद पाहतात.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली आपल्या सर्वांसाठी. चेक न वटल्याचा खटला असो की उधारीचा दावा, उलटतपासणीसाठी पिंजऱ्यात उभे राहण्याची पाळी व्यापाऱ्यावर कधी ना कधी येते. साक्ष संपल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवावी, असे कायदाच सांगतो.  फौजदारी बाजूला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१३ मध्ये ही तरतूद आहे. चूक असेल तर दुरुस्ती सांगता येते. न्यायाधीशांना ती मान्य नसेल तर साक्षीदाराच्या हरकतीची नोंद ते करू शकतात. ज्या भाषेत साक्ष लिहिली ती साक्षीदाराला कळत नसेल तर त्याच्या भाषेत समजावून सांगावी लागते. तेव्हा घाईने सही करून बाहेर पडू नका. अदबीने सांगा, "साहेब, एकदा वाचून दाखवावे."

दुसरी गोष्ट आपल्या मुलांसाठी. "बयाना" आणि "बयान" यांतला फरक ज्याला घरातच कळतो, त्याने मराठी आणि इंग्रजी पक्की केली तर कोर्टाच्या टेबलावर त्याच्यासारखा उपयोगी माणूस नाही.

पात्रता काय लागते?

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील जिल्हा न्यायालयांसाठी एकत्रित जाहिरात काढली होती. तीत लघुलेखक (श्रेणी ३), कनिष्ठ लिपिक आणि शिपाई किंवा हमाल अशी पदे होती. लघुलेखकासाठी अटी अशा होत्या :

– कोणत्याही शाखेची पदवी. कायद्याचा पदवीधर असल्यास पसंती.
– इंग्रजी लघुलेखन मिनिटाला १०० शब्द आणि मराठी लघुलेखन ८० शब्द, शासकीय प्रमाणपत्रासह.
– इंग्रजी टंकलेखन मिनिटाला ४० शब्द आणि मराठी टंकलेखन ३० शब्द, तेही प्रमाणपत्रासह.
– एमएस-सीआयटी किंवा तत्सम संगणक प्रमाणपत्र.
– वय १८ ते ३८, मागासवर्गीयांसाठी ४३ पर्यंत. ज्या बिरादऱ्यांची नावे ओबीसी यादीत आहेत त्यांनी दाखला आधीच काढून ठेवावा.

या पदाची वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० रुपये अशी होती. त्याच जाहिरातीतील कनिष्ठ लिपिकाची १९,९०० ते ६३,२०० होती. बंधूंनो, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. पदवी दोघांनाही लागत होती, दोन्ही भाषांचे टंकलेखनही दोघांना होते. वाढीव काय होते, तर शॉर्टहँड. म्हणजे पगाराच्या सुरुवातीलाच जवळजवळ दुपटीचा फरक त्या एका हुनराने पाडला. आमच्या हिशेबी डोक्याला हा सौदा नफ्याचा दिसतो.

उच्च न्यायालयातील पदे वेगळी भरली जातात. तेथे लोअर ग्रेड लघुलेखकाला इंग्रजी शॉर्टहँड ८० शब्द, हायर ग्रेडला १०० आणि न्यायमूर्तींच्या स्वीय सहायकाला १२० शब्द वेग मागतात. उच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेप्रमाणे इंग्रजी असल्याने तेथे इंग्रजीवर भर असतो.

ज्यांची पदवी होणे कठीण आहे त्यांनी निराश होऊ नये. केंद्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाची लघुलेखक परीक्षा बारावीनंतर देता येते. ही पदे कोर्टातली नव्हेत, केंद्राच्या कचेऱ्यांतली आहेत. 'ड' गटाला मिनिटाला ८० आणि 'क' गटाला १०० शब्दांच्या वेगाने दहा मिनिटे मजकूर सांगतात. भाषा इंग्रजी किंवा हिंदी, उमेदवाराच्या मर्जीप्रमाणे. उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलाला हिंदीचा कान असतोच. देवनागरी लिपी पक्की केली की हा मार्ग त्याला जवळचा आहे.

प्रमाणपत्र कोठे मिळते?

टंकलेखन आणि लघुलेखनाच्या शासकीय परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मान्यताप्राप्त संस्थेतून अर्ज भरावा लागतो. प्रवेश घेण्यापूर्वी मान्यता क्रमांक विचारा, नुसत्या पाटीवर विश्वास ठेवू नका. टंकलेखनाचा अभ्यासक्रम साधारण सहा महिन्यांचा असतो. टाइपरायटरचा जमाना गेला आहे. गोदरेज कंपनीने २००९ मध्येच टाइपरायटर बनवणे थांबवले आणि परीक्षाही आता संगणकावर होते. याशिवाय काही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, स्टेनोग्राफरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तो दहावीनंतर करता येतो. जवळच्या आयटीआयमध्ये तो आहे का, याची चौकशी जरूर करावी.

शॉर्टहँड शिकायचे कसे?

सर आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये इंग्लंडात ही पद्धत काढली. तिचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : जसे ऐकू येते तसे लिहा, स्पेलिंग विसरा. बारीक रेघ 'प' असेल तर तीच रेघ जरा दाबून काढली की 'ब'. बारीक उभी रेघ 'ट', जाड उभी रेघ 'ड'. स्वर म्हणजे शेजारी ठिपके आणि लहान डॅश. वेग वाढला की लिहिणारा स्वर गाळून टाकतो आणि वाचताना संदर्भावरून ओळखतो.

हे वाचून उर्दू शिकलेल्या वाचकांना ओळखीचे काही तरी वाटले असेल. आम्हीही उर्दू शाळेतून आलो. उर्दूत "कलम" लिहिताना आपण क, ल, म ही तीनच अक्षरे लिहितो, जेर-जबर लावत नाही. वाचणारा ते कलम आहे हे आपोआप ओळखतो. ज्या मुलाने पहिलीपासून अशी लिपी वाचली त्याच्या डोळ्यांना शॉर्टहँडची अर्धी सवय आधीच असते. उर्दू माध्यम ही या विद्येत अडचण नाही, उलट मदत आहे.

बाकी सारे रियाजावर आहे. पैठणीचा बुट्टा पहिल्या दिवशी कोणाच्या हातून उतरत नाही. रोज दीड-दोन तास, एकही दिवस न चुकता, कोणाकडून तरी मजकूर सांगवून घ्यावा. घरात कोणी नसेल तर मोबाईलमध्ये अग्रलेख वाचून भरावा आणि तोच लावून लिहावा. स्वतःचे लिहिलेले दुसऱ्या दिवशी वाचता आले पाहिजे. नुसते लिहिता येणे म्हणजे शॉर्टहँड नव्हे. साठ शब्दांचा वेग बहुतेकांना येतो. साठावरून ऐंशी आणि ऐंशीवरून शंभर हीच खरी चढण आहे, आणि पुष्कळ मुले तेथेच वही मिटतात. आई-वडिलांनी धीर द्यायचा तो त्या वेळी.

आपली खरी अडचण

स्पष्ट सांगावे लागते की आपली मुले मागे पडतात ती हातामुळे नव्हे, मराठीमुळे. निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या कचेऱ्यांची आणि कोर्टांची भाषा उर्दू होती. १९४८ नंतर तो काळ संपला. १९९८ मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढून उच्च न्यायालयाखालील कोर्टांची भाषा मराठी ठरवली. बाजारात चालणारी मराठी आपल्याला येते. पण "प्रतिवादी", "तहकूब", "दाखल", "मनाई हुकूम" असे शब्द ऱ्हस्व-दीर्घासह लिहिता येणे ही वेगळी गोष्ट आहे. यावर उपाय साधा आहे. रोज मराठी वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचावे आणि त्यातला एक परिच्छेद शुद्ध उतरवून काढावा. कोर्टाच्या भाषेत उर्दू-फारसीतून आलेले शब्द अजून भरपूर आहेत : वकील, हुकूम, कैफियत, तारीख, दावा, हजर, जप्ती. अर्थ आपल्याला ठाऊक आहे, फक्त लिपी बदलायची आहे.

आणि उर्दू सोडायची मुळीच नाही. मराठवाड्यातील जुनी जमिनीची आणि महसुलाची कागदपत्रे उर्दूत आणि मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा ही जुनी दप्तरे उघडावी लागली आणि ती वाचणाऱ्यांची आठवण सर्वांना झाली.

यंत्र आले तर?

हा प्रश्न शहाणा बाप विचारणारच. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठापुढील सुनावणी यंत्राने शब्दांकित करण्यास सुरुवात केली, आणि ते प्रकरण महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचेच होते. केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ पासून खालच्या कोर्टांत साक्षी नोंदवण्यासाठी बोलणे ऐकून टाइप करणारी संगणक प्रणाली वापरण्याचा आदेश दिला. तेव्हा यंत्र येणार नाही असे आम्ही म्हणणार नाही. यंत्रमाग येणार नाही म्हणणाऱ्यांचे काय झाले ते आपण पाहिले आहे.

परंतु "बयाना" आणि "बयान" यांचा घोळ यंत्रही करू शकते. साक्षीदार खेड्यातला, बोली निराळी, दोन वकील एकदम बोलतात, पंखा खडखडतो. अशा वेळी यंत्राने उतरवलेले तपासून शुद्ध करणारा भाषेचा जाणकार लागतोच. म्हणून नुसत्या वेगावर विसंबू नये. शॉर्टहँडबरोबर दोन भाषांचे शुद्धलेखन, कायद्याचे शब्द आणि संगणक असे चौघे एकत्र असले तर यंत्र हा शत्रू न होता हाताखालचा मजूर होतो.

नोकरी मिळाली नाही तर?

जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ, हे खरे आहे. पण हा हुनर वाया जात नाही. वकिलांच्या कचेरीत चांगल्या टंकलेखकाची गरज नेहमी असते. लवादाच्या कामात आणि कोर्टाने नेमलेल्या कमिशनरपुढे साक्षी होतात तेथेही लिहिणारा लागतो. कोर्टाच्या आवाराजवळ एक संगणक आणि एक प्रिंटर ठेवून दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रे टाइप करून देणारे कितीतरी लोक स्वतःचे घर चालवतात. मुलींसाठी तर हे काम विशेष सोयीचे आहे. बसून करायचे, ठरलेल्या वेळेचे, आणि गरज पडली तर घरूनही करता येणारे.

आमचा सल्ला थोडक्यात असा. दहावीच्या सुट्टीत मराठी टंकलेखन लावा. अकरावी-बारावीत इंग्रजी टंकलेखन आणि शॉर्टहँडची सुरुवात करा. पदवीच्या तीन वर्षांत ऐंशी आणि शंभरची प्रमाणपत्रे हातात घ्या. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करणाऱ्याला अर्जाची मुदत पुरत नाही. ज्याची प्रमाणपत्रे पेटीत तयार असतात तो पहिल्याच दिवशी अर्ज भरतो. दुकानात गिऱ्हाईक येण्याआधी माल लावून ठेवावा लागतो, तसेच हे आहे. चितेगाव, बिडकीन, पैठणच्या ज्या घरांत यंदा दहावीचा निकाल लागेल त्यांनी या सुट्टीपासूनच आरंभ करावा.